ताड-माडांच्या घरचा मेवा

चैत्र सरत आला कीं मुंबईच्या उपनगरांतील स्टेशनांबाहेर, वसई-पालघरच्या वाटेवर आणि इकडे अलिबागच्या सडकेला पाट्या पुढें घेऊन बसलेल्या बायका दिसूं लागतात. पाटींत ओल्या फडक्याखालीं ताडगोळे असतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकीं कोणी डझनाच्या भावानें घेतो, कोणी नुसतें पाहून पुढें जातो. पुढें जाणाऱ्यांत आपल्या वर्गांतील मंडळी अजूनहि थोडीथोडकी नाहींत. "तें ताडाचें फळ, आपल्याकडे खात नाहींत," असें उत्तर मला गेल्याच वर्षीं एका सुशिक्षित गृहिणीकडून मिळालें. कां खात नाहींत, हें मात्र त्यांना सांगतां येईना. त्याच बाईंनीं जेवणें झाल्यावर माझ्यापुढें चांदीचें तबक सरकविलें. त्यांत बारीक कातरलेली चिकणी सुपारी होती.

सुपारी हेंहि ताडाच्याच कुळांतील एका झाडाचें फळ आहे, असें सांगितल्यावर बाई क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिल्या. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें माड, ताड, पोफळ, शिंदी, खजूर आणि भेरली माड हीं सारीं एकाच घरचीं भावंडें. सरळ सोट खोड, शेंड्याला पानांचा झुबका आणि त्या झुबक्याखालीं लोंबणारे फळांचे घोस, हें या घराण्याचें रूप. या भावंडांपैकीं एकास आपण कल्पवृक्ष म्हणून देवापुढें बसविलें, एकास तबकांत मान दिला, एकास उपासाच्या फराळांत घेतलें आणि एकास दाराबाहेर उभें केलें. ही पंगत ज्यांनीं लावली त्यांना त्यांच्या काळीं जें दिसलें त्यावरून त्यांनीं ती लावली. आजच्या ज्ञानाच्या उजेडांत ती पुन्हां तपासली, तर पहिल्या पाटावरचा एक पाहुणा उठवावा लागेल आणि दाराबाहेरच्या एकास आंत बोलवावें लागेल, असें माझें मत आहे. कारणें पुढें देतों.

माझें आजोळ अष्टागरांतलें. घरामागें नारळी-पोफळीची वाडी, वाडींत रहाटाची विहीर, आणि वाडीच्या गडग्याबाहेर, खाडीच्या अंगाला, पांच-सहा ताड. त्या ताडांवर चढण्याचा हक्क गांवांतील एका भंडारी कुटुंबाकडे पिढीजात होता. सकाळ-संध्याकाळ ते मडकीं उतरवीत आणि उन्हाळ्यांत फळांचे घड दोरानें खालीं सोडीत. आजोबा अत्यंत आचारनिष्ठ. ताडाशीं संबंध असलेली कोणतीहि वस्तु ओटीची पायरी चढतां कामा नये, अशी त्यांची शिस्त. आम्ही मुलें मात्र भर दुपारीं, आजोबांचा डोळा लागला म्हणजे, गडग्यावरून उडी टाकून ताडाखालीं हजर होत असूं. आजीला हें ठाऊक होतें. एकदां तर तिनें मागच्या पडवींत बसवून आम्हांला गोळे स्वतः सोलून दिले आणि "तोंडें धुवून मग ओटीवर जा," एवढेंच सांगितलें. तिनें स्वतः एकहि तोंडांत घातला नाहीं. खावासा वाटत होता, हें तिच्या चेहऱ्यावर दिसत होतें.

आजोबांची अढी वस्तुतः फळावर नव्हती, ताडीवर होती. ताडाखालीं बसून दूध प्यालें तरी लोक ताडीच म्हणतात, अशी म्हणच आहे. तेव्हां फळाची काय कथा! पण फळाचा आणि ताडीचा संबंध एवढाच कीं दोन्ही एका जातीच्या झाडावर असतात. ताडी म्हणजे फुलोऱ्याला काप देऊन काढलेला रस. तो मडक्यांत सांचतां सांचतां आंबतो. ज्या फुलोऱ्याचा असा रस काढतात त्याला सामान्यतः फळ धरत नाहीं. म्हणजे जो घड आपणांस ताडगोळे देतो, त्याला मडकें कधीं शिवलेलेंच नसतें. आणि संगतीवरूनच न्याय करावयाचा, तर द्राक्षांची दारू होते म्हणून द्राक्षें आजाऱ्याला द्यावयाचीं कोणी बंद केलेलीं नाहींत.

धर्माचाहि विरोध दिसत नाहीं. भागवताच्या दशम स्कंधांत बलरामानें धेनुकासुराच्या तालवनांत शिरून, झाडें गदगदां हलवून गोपबालकांसाठीं ताडफळें पाडलीं अशी कथा आहे. बलरामाच्या ध्वजावर चिन्हहि ताडाचेंच. आजोबा ही कथा कीर्तनांत डोलत ऐकत असत. गडग्याबाहेरचे ताड त्यांना त्या वेळीं आठवत नसावेत. 'काकतालीय न्याय' हा शब्दहि याच फळानें संस्कृताला दिला: कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास एकच गांठ. मराठींत आपण त्यांतलें फळ काढून टाकून 'फांदी मोडायला' असें केलें. ताडाला फांदी नसतेच. तेव्हां म्हणींतूनहि बिचाऱ्याची हकालपट्टी झाली!

ताड हें सावकाशीचें झाड आहे. लावल्यापासून फळ धरण्यास बारा-पंधरा वर्षें, कित्येकदां त्याहूनहि अधिक लागतात. त्यांत नर आणि मादी झाडें निराळीं, आणि फुलोरा येईपर्यंत कोणतें काय हें ओळखतां येत नाहीं. एवढी वाट पाहून नर निघाला तर फळाची आशाच नको. मादी-झाडावर काळपट-जांभळीं फळें घडानें लागतात. एकेका फळांत बहुधा तीन बिया असतात आणि बी कोंवळी असतांना तिच्यांतील गर थिजलेल्या पाण्यासारखा दिसतो. तोच ताडगोळा. अगदीं कोंवळ्या गोळ्याच्या पोटांत चमचाभर गोड पाणीहि असतें. कांहीं दिवस उशीर झाला कीं पाणी आटतें, गर आधीं रबरासारखा आणि पुढें हाडासारखा होतो. जून गोळा पोटाला जड जातो. "ताडगोळ्यांनीं पोट दुखलें" असें सांगणाऱ्याला आधीं हें विचारावें कीं बाबा, तुझ्या दांतांना तो कसा लागला होता?

घेतांना अंगठ्यानें हलकेंच दाबून पाहावा. लवला तर घ्यावा, टणक लागला तर ठेवून द्यावा. बदामी साल अंगावर असलेलाच गोळा घ्यावा आणि घरीं हात धुवून सोलावा. सोलून पाण्यांत सोडलेले गोळे दिसावयास सुरेख असतात, पण तें पाणी कोठलें हें आपणांस कळत नाहीं. साल तुरट असते व तिच्या रसाचे डाग कपड्यांवरून सहजीं जात नाहींत, म्हणून मुलांना सोलावयास बसवितांना जुने सदरे घालावेत. आणलेला माल त्याच दिवशीं संपवावा. रात्रभर राहिला कीं गोळा बुळबुळीत होऊन त्याला आंबूस वास येऊं लागतो.

आतां गुण. ताडगोळ्याच्या शंभर भागांत नव्वदच्या आसपास पाणीच असतें; राहिली थोडी साखर व थोडे क्षार. यावरून कोणी त्याला सर्व रोगांवरचा रामबाण ठरवूं लागला तर ऐकूं नये. त्याचा लाभ साधा आहे. वैशाखांतल्या दुपारीं मुलें खेळून घामाघूम येतात आणि बाटलींतलें रंगीत, गोड पाणी मागतात. त्याऐवजीं चार ताडगोळे पुढें ठेवले तर पाणी पोटांत जातें, साखर बेताची जाते, मुलांना मौज वाटते आणि रात्रीचें जेवण मोडत नाहीं. ज्यांना पाणी पिण्याचा कंटाळा असतो अशा वृद्धांना तर हा मेवा फारच सोयीचा. दांत नसले तरी अडत नाहीं. मधुमेह असलेल्यांनीं एक-दोनांवर थांबावें. सोललेल्या सालींचा आंतला ओलावा घामोळ्यांवर फिरविण्याची चाल आहे. त्यानें गार वाटतें, एवढें खरें. घामोळें बरें होतें तें सावलीनें आणि सैल सुती कपड्यानें. दूध आटवून, निववून, त्यांत बारीक चिरलेले गोळे व वेलदोड्याची पूड घातली तर पाहुण्यांपुढें ठेवण्याजोगा पदार्थ होतो. दूध मात्र पुरतें निवल्यावरच गोळे घालावेत.

तेंच फळ झाडावर ठेवलें तर पावसाळ्यांत पिकून, काळें होऊन गळतें. आंत नारिंगी, तंतुमय, किंचित् कडवट आणि उग्र गोड वासाचा गर असतो. आपल्याकडे तो बहुधा वायां जातो. बंगाल्यांत मात्र जन्माष्टमीच्या सुमारास याच गराचे वडे तळून कृष्णाला नैवेद्य दाखवितात. तामिळनाडूंत बिया जमिनींत पुरतात आणि त्यांना फुटलेले कंदासारखे लांबट कोंब उकडून खातात. पोंगलच्या बाजारांत त्यांच्या जुड्या मांडलेल्या असतात. त्या राज्यानें ताडाला आपला राज्यवृक्षच ठरविलें आहे. १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यावर महात्मा गांधींनीं ताडाच्या ताज्या, न आंबलेल्या रसाचा गूळ करण्याच्या उद्योगाचा आग्रहानें पुरस्कार केला, तोहि याच झाडावरचा कलंक धुवून काढण्यासाठीं.

माडाविषयीं कोंकणच्या माणसानें लिहूं लागावें, तर अंक पुरणार नाहीं. काथ्या, झाप, खराटे, करवंटीला दांडी बसवून केलेला डाव, हें सगळें वाचकांच्या घरांत आहेच. म्हणून ज्या दोन-तीन गोष्टींत घरोघर गैरसमज आढळतो तेवढ्याच सांगतों.

शहाळें, अडसर, नारळ आणि गोटा या एकाच फळाच्या चार अवस्था, आणि चौघांचे स्वभाव निराळे. शहाळ्याचें पाणी हें शंभरांत पंचाण्णव भाग पाणीच; परंतु त्यांत पोटॅशियम हा क्षार बराच असतो, शंभर ग्रॅमला सुमारें पाव ग्रॅम. सोडियम, म्हणजे आपल्या मिठांतला क्षार, त्या मानानें थोडा असतो. जोराच्या जुलाब-वांत्यांत शरीरांतून पाण्याबरोबर मुख्यतः सोडियमच वाहून जातें. म्हणून अशा वेळीं, विशेषतः लहान मुलाला, केवळ शहाळ्यावर ठेवणें धोक्याचें आहे. जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यांत विरघळवून द्यावी. शहाळें हवें तर वरून द्यावें. उलट ज्यांचें मूत्रपिंड अधू आहे त्यांच्या रक्तांत पोटॅशियम सांचून हृदयाची लय बिघडूं शकते. त्यांना शहाळें वैद्याला विचारल्यावांचून मुळींच देऊं नये. आजाऱ्याच्या समाचाराला जातांना शहाळें घेऊन जाण्याची आपली चाल चांगली आहे. पण आजार कोणता, हें दारांतच विचारून घ्यावें.

ओल्या खोबऱ्यांत एक-तृतीयांश स्निग्धांश असतो आणि तंतुमय चोथाहि बराच असतो. भाजींत, आमटींत मूठभर चव पडला तर त्यांत भिण्याजोगें कांहीं नाहीं. कोंकणानें पिढ्यान् पिढ्या हेंच खाल्लें आहे, आणि तें भात, कडधान्य व अंगमेहनतीच्या जोडीनें खाल्लें आहे. तेलाची गोष्ट मात्र निराळी. खोबरेलांत शंभरांत नव्वदच्या आसपास भाग संपृक्त चरबीचा असतो. तें हृदयाला हितकारक म्हणून अलीकडे फार गाजविलें गेलें. २०२० सालीं सोळा प्रयोगांचें एकत्र परीक्षण प्रसिद्ध झालें, त्यांत असें दिसलें कीं इतर वनस्पति-तेलांच्या तुलनेनें खोबरेलानें रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें. माझ्या कोंकणी बांधवांनीं राग मानूं नये, मीहि त्यांच्यांतलाच आहे. पण रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचें किंवा करडईचें तेल बरें, आणि खोबरेल केसांना. केसांच्या बाबतींत आपल्या आज्यांचेंच खरें ठरलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खोबरेल केसाच्या आंत शिरतें व धुतांना-विंचरतांना होणारी केसांतील प्रथिनांची झीज कमी करतें, असें आढळलें. सूर्यफुलाच्या व खनिज तेलाला तें साधलें नाहीं.

रुजत घातलेल्या नारळाच्या पोटांत जो पांढरा, भुसभुशीत, गोडसर गोळा तयार होतो त्याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आजोळीं रोपांसाठीं ठेवलेला एखादा नारळ 'चुकून' फुटत असे, आणि त्या गोळ्याच्या वाटण्या करतांना झालेला एक तंटा तर माझ्या मावसभावाच्या कपाळावरील व्रणाच्या रूपानें आजहि शाबूत आहे.

शिंदीचीं फळें गुराखी पोरांच्या वाटचीं. बी मोठी, गर कागदासारखा. पिकलेलीं गोड-तुरट लागतात. ज्यांना रानांत मिळतात त्यांनीं खावींत. शहरांतल्या माणसाला शिंदी ठाऊक आहे ती फड्यामुळें, आणि झाडलोटीला त्यासारखें दुसरें साधन नाहीं. तिचा सधन चुलतभाऊ म्हणजे खजूर. त्याची खारीक आपण बाळंतिणीला देतों, आणि थकलेल्या देहाला ती उपयोगी पडते यांत शंका नाहीं. मात्र खजुरांत वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर आहे, हें उपासाच्या दिवशीं वाटीभर संपविणाऱ्या मधुमेही मंडळींनीं विसरूं नये. भेरली माडाचे वेणीसारखे लोंबणारे घोस मांडवाला शोभा देतात. परंतु त्या फळांच्या गरांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. हाताला लागले तर खाज आणि तोंडांत गेले तर आग होते. लग्नघरीं मांडव सजला म्हणजे लहान मुलांवर एवढ्यापुरतें लक्ष ठेवावें.

आतां तबकाकडे वळतों.

ज्या घरांत ताडगोळा ओटीची पायरी चढूं शकत नव्हता, त्याच घरांत पानाचें तबक दिवसांतून चार वेळां फिरत असे. सुपारी घरच्या वाडींतली. थोरल्या मामी ती भिजवून, सोलून, अडकित्त्यानें अशी एकसारखी कातरीत कीं पाहणाऱ्यानें पाहत राहावें. कातरतां कातरतां एक तुकडा तोंडांत जाई. पान नेहमीं नसे. सुपारी मात्र असे. तंबाखू त्यांनीं जन्मांत कधीं तोंडांत घातली नाहीं, आणि घालणाऱ्या पुरुषांना त्या चांगलें फैलावर घेत.

त्यांची पन्नाशी उलटली आणि त्या आमटींत तिखट नको म्हणूं लागल्या. तोंड भगभगतें, म्हणत. घरांत थट्टा झाली कीं मामींना आतां मोरावळ्याचाहि ठसका लागेल. दंतमंजन बदललें, मिरच्या बदलल्या. १९८६ सालच्या गणेशचतुर्थीला मी पंगतींत त्यांच्यासमोर बसलों होतों. त्यांनीं मोदक उचलला, तोंडाशीं नेला, पुन्हां पानांत ठेवला आणि बोटांनीं कुसकरून त्याचे लहान लहान घांस केले. माझी बायको हळूच म्हणाली, "मामी, तुम्हांला तोंड उघडतां येत नाहीं कां?" त्यावर त्या हंसल्या, आणि हंसतांनाहि त्यांचे ओठ फारसे विलग झाले नाहींत. त्यांच्या दांतांच्या मध्यें एक बोट शिरत होतें. वर्ष-दीड वर्ष त्यांनीं हें कोणाला सांगितलें नव्हतें.

मुंबईच्या डॉक्टरांनीं गाल आंतून चांचपून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो सुपारीचा. गालांचें अस्तर पांढुरकें पडलें होतें आणि त्याखालीं दोरीसारखे ताठ पट्टे लागत होते. या विकाराचें वर्णन वैद्यकांत फार जुनें नाहीं. १९५२ सालीं पूर्व आफ्रिकेंत राहणाऱ्या पांच हिंदी स्त्रियांमध्यें श्वार्ट्झ यांनीं तो नोंदला, आणि १९५३ सालीं आपल्या मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनीं येथील रोग्यांवरून त्याचें वर्णन केलें. त्या वेळीं कारण स्पष्ट नव्हतें. तिखटावर, अशक्ततेवर संशय होता. पुढच्या अभ्यासानें बोट सुपारीवर पडलें. सुपारींत अरेकोलीन नांवाचें द्रव्य आहे. तें तोंडाच्या अस्तराखालीं तंतूंची वाढ करवितें, आणि सुपारींतल्या इतर द्रव्यांच्या साहाय्यानें वाढलेले तंतु मोडूं देत नाहींत. अस्तराची लवचीकता जाते, तोंड मिटत जातें, आणि अशा तोंडांत पुढें कर्करोग होण्याचा संभव निरोगी तोंडापेक्षां पुष्कळ अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सुपारी, तंबाखूशिवायची सुपारीसुद्धां, मनुष्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातली आहे.

कोंवळी सुपारी खाल्ली म्हणजे घाम फुटतो, गरगरतें. आपण म्हणतों, "सुपारी लागली". तेंहि अरेकोलीनाचेंच काम. मज्जातंतूंवर त्याची क्रिया तंबाखूंतल्या निकोटीनासारखी होते, म्हणूनच सुपारीची तलफ येते आणि ती सुटतां सुटत नाहीं.

मामींचें सुदैव असें कीं कर्करोग नव्हता. सुपारी त्याच दिवशीं बंद झाली. इंजेक्शनें झालीं, सकाळ-संध्याकाळ दांतांमध्यें लांकडी चपट्या पट्ट्या घालून तोंड उघडण्याचा व्यायाम झाला, आणि वर्षानें तोंड दोन बोटें उघडूं लागलें. त्याहून अधिक तें कधींच उघडलें नाहीं. घट्ट झालेलें अस्तर पहिल्यासारखें होत नाहीं. पुढें जाण्यापासून त्याला थांबवितां येतें, एवढेंच. पुढचीं वीस वर्षें त्यांनीं मऊ भातावर काढलीं.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो: आमचे अमुक काका नव्वदीपर्यंत विडा खात होते, त्यांना कांहीं झालें नाहीं. नसेल झालें. पण ज्यांना झालें त्यांचें काय झालें हें विचारण्याची आपल्या घरांत पद्धत नव्हती. विशेषतः त्या स्त्रिया असल्या तर. माझ्या मामींना दीड वर्ष कोणी विचारलें नाहीं. शिवाय जेवणानंतरचा एखादा विडा आणि आजच्या सुगंधी सुपारीच्या पुड्या यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली तेव्हां घरोघर समाधान झालें. पण "नुसती सुपारीच तर आहे" म्हणून शाळकरी मुलाच्या दप्तरांतल्या पुडीकडे दुर्लक्ष करणारे आईबाप मीं पाहिले आहेत. बाळंतिणीला सुपारीपाक देण्याची चाल कांहीं घरांत आहे. त्या पाकांतहि सुपारीच असते, हें ध्यानांत घेऊन तोहि वैद्याच्या सल्ल्यावांचून देऊं नये.

एक परीक्षा घरींच करतां येते. आपल्याच हाताचीं मधलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून समोरच्या दांतांमध्यें घालून पाहावीं. सहज गेलीं तर ठीक. जात नसतील, किंवा तिखटानें तोंड भगभगत असेल, गाल आंतून पांढुरका किंवा ताठ लागत असेल, तर त्याच आठवड्यांत दांतांच्या डॉक्टरांना दाखवावें. घरांतील सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाची ही परीक्षा घ्यावी. प्रथम स्वयंपाकघरांतल्या मंडळींची.

सुपारीच्या बागाइतदारांच्या पोटावर पाय देण्याची माझी इच्छा नाहीं. श्रीवर्धनची रोठा सुपारी नांवाजलेली आहे, तेथें सुपारी-संशोधन केंद्रहि आहे, आणि ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळानें त्या किनाऱ्यावरच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या तेव्हां किती घरें बसलीं हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. नवीन पोफळ फळावर येण्यास पांच-सात वर्षें जातात. पण मोडलेल्या वाड्या पुन्हां लावतांना जायफळ, काळी मिरी, दालचिनी यांना अधिक जागा द्यावी, पोफळीच्या विरीच्या ताटल्या कराव्यात, असा विचार तिकडचे कांहीं बागाइतदार बोलून दाखवितात, आणि त्यांना आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनीं साथ द्यावी. पूजेच्या सुपारीची तर गोष्टच वेगळी. गणपति म्हणून मांडलेली, विड्यावर ठेवलेली सुपारी कोणी खावयाची नसतेच. तिचा मान तिला राहो.

आमच्या घरच्या तबकांत आतां बडीशेप, ओवा, धनाडाळ, वेलदोडे आणि भाजलेले खोबऱ्याचे काप असतात. पानाची हौस असलेल्यांना चुना जेमतेम लावलेला, गुलकंद-बडीशेपेचा विडा मिळतो. पहिल्या वर्षीं दोन-तीन वडीलधाऱ्यांनीं तबक पाहून भुंवया चढविल्या. आतां कोणी विचारीत नाहीं. मामींचा अडकित्ता त्यांच्या पश्चात् माझ्याकडे आला. पितळेचा, मुठीवर राघूची जोडी असलेला. धार अजून तशीच आहे. सूनबाई थंडींत डिंकाचे लाडू करते तेव्हां त्यानेंच खारका कातरते.

गेल्या वैशाखांत नातवंडांना घेऊन आजोळच्या घरीं गेलों होतों. गडग्याबाहेरचे ताड आतां तीनच उरले आहेत. जुन्या भंडारी कुटुंबांतला नातू मुंबईला नोकरीला असतो, पण उन्हाळ्यांत महिनाभर येतो आणि झाडावर चढतो. त्यानें एक घड उतरवून, कोयत्यानें फळें फोडून चाळीस गोळे काढून दिले आणि पाटी कोठें ठेवूं म्हणून अंगणांतच उभा राहिला. मामेभावानें त्याला पायऱ्या चढून वर यावयास सांगितलें. पाटी ओटीवर, आजोबांच्या तसबिरीखालीं उतरली. मुलें जुने सदरे घालून सोलावयास बसलीं. संध्याकाळपर्यंत सव्वीस संपले. राहिलेले आम्हीं आटीव दुधांत घातले.